हुतात्मा बाबू गेनू

परमेश्वर या जगात कोणालाही अगदी रिक्तहस्ताने पाठवीत नाही. कोणाला तो मधुर कंठ देतो, कोणाला कुशाग्र बुद्धी देतो, कोणाच्या बोटांत चित्रकला ठेवतो, तर कोणाच्या जिभेवर सरस्वती नाचवितो. अशा देणग्या चटकन डोळ्यांत भरतात आणि ज्यांना त्या लाभल्या त्यांचे लोक कौतुकही करतात. परंतु काही देणग्या अगदी साध्या असतात. कष्टाला न कंटाळणारे शरीर, दिलेला शब्द पाळण्याची सवय, नेमून दिलेल्या जागी न कुरकुरता उभे राहण्याची चिकाटी यांना देणगी म्हणावे असे सहसा कोणाच्या मनातही येत नाही. ज्याच्यापाशी एवढेच आहे तो स्वतःला सामान्य समजतो आणि मी कोणाच्या काय उपयोगी पडणार, असे म्हणून मागे राहतो. महाराष्ट्रातील एका गिरणी कामगाराने मात्र असा विचार केला नाही. आपल्यापाशी जे होते ते त्याने लोकांच्या कामी लावले, आणि म्हणूनच त्याचे नाव आज आदराने घेतले जाते. त्याचे नाव बाबू गेनू सैद.

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके एकमेकांना लागून आहेत. पश्चिमेला सह्याद्रीचे उंच कडे, त्यांतून वाट काढणारे जुने घाट, आंबेगाव तालुक्याच्या एका टोकाला भीमाशंकराचे घनदाट अरण्य आणि डोंगरातून निघून पूर्वेकडे वाहत जाणारी घोड नदी, असा हा निसर्गरम्य मुलूख आहे. शिवछत्रपतींचा जन्म ज्या गडावर झाला तो शिवनेरी याच परिसरात जुन्नरजवळ उभा आहे. परंतु निसर्गाने सौंदर्य दिले तरी पोटाला भाकरी मिळतेच असे नाही. डोंगराकडच्या गावांत पाऊस मुसळधार कोसळे, पण ते पाणी अडविण्याची सोय नसल्याने उताराने वाहून जाई. पूर्वेकडच्या गावांत पावसाचा भरवसा नसे. भात, नाचणी, वरई किंवा बाजरी असे एखादे पीक हाती येई आणि तेही सगळ्या वर्षाला पुरत नसे. या आंबेगाव तालुक्यात महाळुंगे पडवळ नावाचे गाव आहे. तेथील एका गरीब शेतकऱ्याच्या घरी १९०८ साली बाबूचा जन्म झाला.

बाबूच्या नावापुढे जो गेनू शब्द येतो ते त्याच्या वडिलांचे नाव. ज्ञानोबा या नावाचेच ते खेड्यातील बोलीतले रूप आहे. इंद्रायणीकाठच्या आळंदीला मनोभावे वारी करणाऱ्या या प्रांतात घरोघरी एखादा ज्ञानोबा असे आणि प्रेमाने त्याचा कधी ग्यानबा, कधी गेनबा, तर कधी गेनू होई. बाबूला पित्याची छाया फार काळ लाभली नाही. घरात आधीच दारिद्र्य होते, त्यात कर्ता पुरुष गेला. अशा घरातील मुलाला पाटी-दप्तर घेऊन शाळेत जाण्याची चैन कोठून परवडणार? बाबूचे शालेय शिक्षण फारसे झाले नाही. शेतातील मातीने, रानातील उन्हाने आणि घरातील ओढाताणीने जे शिकविले तेच त्याचे शिक्षण.

ज्या वर्षी बाबू जन्मला त्याच वर्षी मुंबईत एक विलक्षण घटना घडली होती. २२ जुलै १९०८ रोजी इंग्रज सरकारने लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून सहा वर्षांच्या शिक्षेसाठी हद्दपार केले. ही बातमी पसरताच मुंबईच्या गिरण्यांतील कामगारांनी हातातले काम टाकले. लोकमान्यांच्या शिक्षेच्या एकेका वर्षामागे एकेक दिवस, असे सहा दिवस त्यांनी गिरण्या बंद ठेवल्या. हे कामगार बहुतेक निरक्षर होते. टिळकांचे लेख त्यांतील कित्येकांनी स्वतः वाचले नसतील, दुसऱ्याच्या तोंडून ऐकले असतील. सहा दिवसांची मजुरी बुडणे म्हणजे घरच्यांच्या ताटातील भाकरी कमी होणे, हे त्यांना पुरते ठाऊक होते. तरीही त्यांनी ते सोसले. देशासाठी काही करावयाचे तर विद्वानच असले पाहिजे असे नाही, हे मुंबईच्या कामगारांनी त्या वेळी दाखवून दिले. पुढे याच कामगारांमध्ये महाळुंग्याचा बाबू जाऊन मिळणार होता.

त्या काळी घाटावरच्या गरीब माणसाला मुंबई हा मोठाच आधार होता. कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईत कापडगिरणीचा पाया घातला. त्यानंतर लालबाग, परळ, नायगाव, शिवडी या भागांत गिरण्यांची उंच धुराडी एकामागून एक उभी राहिली आणि त्या भागालाच लोक गिरणगाव म्हणू लागले. कोकणातून, साताऱ्याकडून, तसेच पुणे जिल्ह्याच्या मावळपट्टीतून हजारो माणसे तेथे येत. जुन्नर-आंबेगावचे लोकही घाट उतरून मुंबईला जात. कोणी गिरणीत लागे, कोणी गोदीत ओझी वाही, कोणी बाजारात हमाली करी. गावाकडे राहिलेल्या माणसांचे डोळे मुंबईहून येणाऱ्या मनिऑर्डरीकडे लागलेले असत. बाबूही याच वाटेने मुंबईस आला आणि कापडगिरणीत मजुरी करू लागला.

गिरणीतील काम सोपे नव्हते. पहाटेच्या अंधारात भोंगा वाजे आणि त्या आवाजासरशी चाळीचाळींतून माणसांचे लोंढे बाहेर पडत. दहा-दहा तास काम चाले. कापसाची तूस हवेत भरून राही आणि श्वासाबरोबर छातीत जाई. यंत्रांच्या खडखडाटात शेजारच्या माणसाचे बोलणेही ऐकू येत नसे. सूत तुटू नये म्हणून गिरणीत मुद्दाम दमट हवा ठेवलेली असे, त्यामुळे अंगातून घामाच्या धारा वाहत. आणि हे बहुतेक सारे काम उभ्यानेच करावयाचे. चात्यांवर लक्ष ठेवणारा असो की मागावर धोटा चालविणारा असो, त्याने बसून चालत नसे. तुटलेला धागा तत्काळ सांधावयाचा, रिकामी कांडी बदलावयाची आणि पुन्हा आपल्या जागी उभे राहावयाचे. संध्याकाळी परतावे तर चाळीतील एकेका खोलीत एकाच गावची दहा-पंधरा माणसे राहत. खानावळीत जेवावे आणि जागा मिळेल तेथे पथारी टाकावी, असा त्यांचा दिनक्रम असे.

अशा जीवनात माणूस पिचून जातो किंवा कणखर होतो. गिरणगावातील कामगार कणखर झाले. १९२८ साली मुंबईतील गिरणी कामगारांचा मोठा संप झाला. त्यात सुमारे दीड लाख कामगार सामील झाले होते आणि जवळजवळ सहा महिने तो चालला. उपासमार सोसून एकमेकांना धरून राहण्याचे शिक्षण गिरणगावाला या संपाने दिले. बाबूचे वय त्या वेळी वीस वर्षांचे होते. चांगले-वाईट समजण्याचे आणि मनाला जे पटले त्यासाठी झटण्याचे ते वय. गिरणगावच्या गल्ल्यांतून स्वराज्याचा विचार त्याच्या कानी पडला आणि तो त्याच्या मनात घट्ट रुजला. काँग्रेसच्या चळवळीत तो स्वयंसेवक म्हणून काम करू लागला.

या चळवळीचा कापडाशी एवढा निकटचा संबंध का होता, हे येथे समजून घेतले पाहिजे. एके काळी हिंदुस्थानातील कापड साऱ्या जगात वाखाणले जाई. येथील विणकराच्या हातची मलमल दूरदूरच्या देशांत विकली जात असे. परंतु इंग्रजांचे राज्य आले आणि चित्र पालटले. येथला कापूस जहाजांत भरून विलायतेस जाऊ लागला आणि मँचेस्टरच्या आसपासच्या गिरण्यांत तयार झालेले कापड येथील बाजारात येऊन पडू लागले. यंत्रावर निघालेल्या त्या स्वस्त कापडापुढे हातमागाचा टिकाव लागेना. विणकर देशोधडीला लागले. कापूस आपला, पैसा आपला आणि नफा मात्र परक्यांचा, असा हा व्यवहार होता.

हे ओळखून महाराष्ट्रातील थोर पुरुषांनी फार पूर्वीच स्वदेशीचा पुरस्कार केला होता. पुण्याचे गणेश वासुदेव जोशी, ज्यांना लोक सार्वजनिक काका म्हणत, ते १८७७ सालच्या दिल्ली दरबारास स्वतः कातलेल्या सुताची जाडीभरडी वस्त्रे लेवून गेले होते. १९०५ साली बंगालची फाळणी झाली तेव्हा लोकमान्यांनी स्वदेशी आणि बहिष्कार यांचा मंत्र गावोगावी पोहोचविला. पुढे महात्मा गांधींनी चरखा आणि खादी यांची त्यास जोड दिली. ३१ जुलै १९२१ रोजी गिरणगावातच, परळ येथे, त्यांच्या हस्ते विदेशी कापडाची मोठी होळी पेटविण्यात आली. विदेशी कापड न वापरणे ही गोष्ट तशी लहानच. त्यासाठी ना शस्त्र लागते, ना विद्वत्ता लागते. दुकानात गेल्यावर एक वस्त्र बाजूला सारून दुसरे उचलावयाचे, एवढेच. परंतु कोट्यवधी माणसांनी ही लहान गोष्ट केली तर एका बलाढ्य साम्राज्याचा व्यापार डळमळू शकतो, हे गांधीजींनी जाणले होते.

१९३० साल उजाडले आणि सारा देश ढवळून निघाला. १२ मार्च रोजी गांधीजी ७८ सहकाऱ्यांसह साबरमतीच्या आश्रमातून पायी निघाले. सुमारे ३८५ किलोमीटरांचा प्रवास करून ते समुद्रकाठच्या दांडी या गावी पोहोचले आणि ६ एप्रिल रोजी त्यांनी मूठभर मीठ उचलून जुलमी कायदा मोडला. मिठासारखी क्षुद्र वस्तू ती काय, पण गरिबाच्या भाकरीबरोबर तीच असते आणि तिच्यावरही सरकार कर घेत होते. म्हणून मिठाचा हा लढा झोपडीतील माणसालाही आपला वाटला. मुंबईत लोकांनी समुद्राचे पाणी आणून मीठ तयार केले. गिरगावातील काँग्रेस हाउसच्या गच्चीवरही मीठ पिकविण्यात आले. पोलीस येत, सारे उधळून टाकीत, पण लोक पुन्हा नव्याने आरंभ करीत. शिरोड्याला, धारासण्याला आणि मुंबईजवळच्या वडाळ्याला मिठागरांवर सत्याग्रह झाले. वडाळ्याच्या मिठागरावर हजारो लोक चाल करून गेले, त्यांनी लाठ्यांचा मार खाल्ला, पण प्रतिकारासाठी हात उचलला नाही. या वडाळ्याच्या सत्याग्रहात बाबू गेनूने भाग घेतला आणि त्यापायी त्याने कारावासही भोगला.

तुरुंगवास म्हणजे गरीब कामगाराच्या दृष्टीने दुहेरी शिक्षा. श्रीमंत माणूस तुरुंगात गेला तरी त्याच्या घरची चूल पेटते. कामगार तुरुंगात गेला म्हणजे मजुरी थांबते, नोकरीही जाण्याची भीती असते. सुटून आल्यावर कोणी असे म्हटले असते की माझा वाटा मी उचलला, आता इतरांनी पुढे व्हावे, तर त्यास कोणी दोष दिला नसता. बाबूने तसे केले नाही. तुरुंगातून बाहेर पडल्यावर तो पुन्हा स्वयंसेवकांच्या रांगेत येऊन उभा राहिला.

त्या दिवसांत मुंबईतील प्रत्येक जण आपल्यापाशी जे असेल ते चळवळीला देत होता. ज्यांना गळा होता ते पहाटेच्या प्रभातफेऱ्यांत राष्ट्रीय गीते गात. ज्यांना लिहिता येत होते ते पत्रके लिहीत. वकिलांनी आपली वाणी दिली, धनिकांनी पैसा दिला. देशसेविका संघाच्या स्त्रिया केशरी साड्या नेसून कापडबाजारात जात आणि तासन्‌तास उन्हात उभ्या राहत. लहान मुलांची वानरसेनाही निरोप पोहोचविण्याचे काम करीत असे. बाबू गेनूपाशी काय होते? पैसा नव्हता, वक्तृत्व नव्हते, मोठी विद्याही नव्हती. कष्टाने कसलेले शरीर होते, तरुण वय होते, भीतीला न जुमानणारे मन होते आणि नेमून दिलेल्या जागी उभे राहण्याची गिरणीने लावलेली सवय होती. चळवळीला नेमकी त्याचीच गरज होती, कारण आता निरोधनाचे काम सुरू झाले होते.

निरोधन म्हणजे विदेशी कापडाच्या किंवा दारूच्या दुकानापुढे शांतपणे उभे राहून गिऱ्हाइकाला आणि दुकानदाराला विनविणे. स्वयंसेवकाने कोणावर हात उगारावयाचा नाही, कोणाला शिवी द्यावयाची नाही, मालाची नासधूस करावयाची नाही. येणाऱ्यास हात जोडून सांगावयाचे की हे कापड घेऊ नका. ऐकले तर आनंद मानावयाचा, अपमान केला तर तो गिळावयाचा. पोलिसांनी हटविले तर पुन्हा येऊन उभे राहावयाचे आणि अटक केली तर मुकाट्याने जावयाचे. हे काम दिसावयास सोपे, पण करावयास फार कठीण आहे. एखादे साहस क्षणभराच्या आवेशात घडून जाते. निरोधनात मात्र रोज सकाळी नव्याने मनाची तयारी करावी लागते. त्यात टाळ्या नसतात, हारतुरे नसतात. काळबादेवी आणि तिच्या आसपासच्या गल्ल्या म्हणजे मुंबईच्या कापडव्यापाराचे केंद्र. मुळजी जेठा मार्केटसारखा प्रचंड कापडबाजार तेथे आहे. त्या गल्ल्यांतून दिवसामागून दिवस असे अनेक अनाम स्वयंसेवक उभे राहत आणि बाबू त्यांच्यापैकीच एक होता.

या निरोधनाचा परिणाम दिसू लागला. अनेक दुकानदारांनी विदेशी माल विकणे थांबविले. गुदामांतून गासड्या पडून राहिल्या. तेव्हा काही व्यापाऱ्यांनी पोलिसांच्या बंदोबस्तात माल हलविण्याचे ठरविले. मँचेस्टरचा फ्रेझर नावाचा एक व्यापारी होता. त्याचा माल काळबादेवीजवळच्या जुन्या हनुमान गल्लीतून लॉरीत भरून बंदराकडे नेण्यात येणार होता आणि त्यासाठी त्याने पोलिसांचे साहाय्य मागितले होते. तो दिवस होता शुक्रवार, १२ डिसेंबर १९३०.

ही वार्ता स्वयंसेवकांना कळली होती. ते त्या गल्लीत जमले आणि त्यांच्यामागे बघ्यांची मोठी गर्दी लोटली. बाबू गेनूही तेथे आला होता. मरण पत्करावे अशा इच्छेने तो त्या सकाळी आला नव्हता. कालच्यासारखेच आजचे आपले काम करावे, म्हणजे विदेशी माल नेणाऱ्यांस वाट अडवून विनवावे, एवढ्यासाठीच तो आला होता. लॉरीत गासड्या भरल्या गेल्या. लॉरी निघू लागताच स्वयंसेवक तिच्या पुढे आले. पोलिसांनी त्यांना ओढून बाजूला काढले. ते पुन्हा आले, पुन्हा बाजूला काढले गेले. महात्मा गांधींच्या जयजयकाराने गल्ली दुमदुमून गेली. अखेर पोलिसांनी वाट मोकळी केली आणि लॉरी काळबादेवी रस्त्याला लागून भांगवाडीपाशी आली. तेथे बाबू गेनू लॉरीपुढे आडवा झाला.

समोर यंत्राच्या बळाने चालणारे ते अवजड वाहन, त्याच्याभोवती सत्तेच्या बळाने उभे असलेले पोलीस आणि त्यांच्यापुढे हाती काहीही नसलेला बावीस वर्षांचा एक गिरणी कामगार, असा तो प्रसंग होता. लॉरीचा चालक हिंदी मनुष्य होता. आपल्याच देशबांधवाच्या अंगावर गाडी घालण्यास त्याने नकार दिला आणि तेव्हा एका गोऱ्या पोलीस अधिकाऱ्याने स्वतः चक्र हाती घेतले, असे लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. लॉरी पुढे सरकली. बाबू आपल्या जागेवरून हलला नाही. लॉरी त्याच्या देहावरून गेली आणि तो रक्ताच्या थारोळ्यात पडला. त्याला रुग्णालयात नेण्यात आले, परंतु उपचारांचा उपयोग झाला नाही. त्याच दिवशी त्याची प्राणज्योत मालवली.

बातमी वाऱ्यासारखी शहरभर पसरली. ज्याचे नाव सकाळपर्यंत चाळीबाहेर फारसे कोणास ठाऊक नव्हते, त्याच्यासाठी सायंकाळी सारी मुंबई हळहळली. दुकाने बंद झाली, शहराने हरताळ पाळला आणि त्या कामगाराच्या अंत्ययात्रेला अफाट जनसमुदाय लोटला. त्या मिरवणुकीत चाळीतले कामगार होते, तसेच पेढ्यांवरचे व्यापारीही होते. आदल्या दिवसापर्यंत विदेशी कापडाबद्दल उदासीन असलेल्या कित्येक माणसांना, आपल्या अंगावरचे वस्त्र कोठून आले, हा प्रश्न त्या दिवशी पडला असेल.

बाबू गेनूने अडविलेली ती लॉरी एकच होती. तेवढ्याने साम्राज्याचे काय बिघडले, असे कोणी विचारील. परंतु त्या वर्षी देशभर गल्लोगल्ली जे लक्षावधी लोक उभे राहिले, त्यांचे काम एकत्र मोजावयास हवे. १९२९ साली इंग्लंडमधून हिंदुस्थानात आलेल्या सुती मालाची किंमत सुमारे २ कोटी ६० लाख पौंड होती. १९३० साली ती सुमारे १ कोटी ३७ लाख पौंडांवर आली. त्या वेळी जगभर मंदीही पसरली होती आणि या घसरणीला तीही काही अंशी कारण होती. तरीपण लोकांच्या बहिष्काराचा त्यात मोठा वाटा होता, हे इतिहासकारांनी मान्य केले आहे. पुढे ५ मार्च १९३१ रोजी गांधीजी आणि व्हाइसरॉय आयर्विन यांच्यात करार झाला. शांततेने निरोधन करण्याचा लोकांचा हक्क त्या करारात सरकारला मान्य करावा लागला. ज्या कामात बाबूने प्राण गमावले, त्या कामाला तीन महिन्यांच्या आतच अशी मान्यता मिळाली.

त्याच वर्षी महाराष्ट्रात अनेकांनी असाच त्याग केला. सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला आणि मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन हे चौघे १२ जानेवारी १९३१ रोजी फासावर गेले. रायगड जिल्ह्यातील चिरनेर येथे २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहात शेतकऱ्यांनी गोळ्या झेलल्या. बाबू गेनूचे स्थान या मालिकेत आहे. यांपैकी बहुतेक जण अगदी साध्या घरांतील होते. स्वातंत्र्याचा इतिहास थोर पुढाऱ्यांनी घडविला तसाच तो अशा माणसांनीही घडविला.

स्वातंत्र्य मिळालेले पाहणे बाबूच्या नशिबी नव्हते. परंतु स्वतंत्र देश त्याला विसरला नाही. ज्या भागात त्याने देह ठेवला त्या भागातील रस्त्याला त्याचे नाव देण्यात आले. पुण्यात मंडईजवळच्या चौकाला त्याचे नाव आहे. मुंबईत गिरणी कामगारांसाठी बांधलेले क्रीडाभवन त्याच्या नावाने ओळखले जाते. गिरणगावच्या धुराड्यांतून आता धूर निघत नाही. १९८२ सालच्या संपानंतर बहुतेक गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. पण गिरणी कामगाराचे नाव निघाले की बाबू गेनूची आठवण निघतेच. महाळुंगे पडवळ या जन्मगावीही त्याची स्मृती आदराने जपली जाते.

या सर्व स्मारकांत एक स्मारक फार अर्थपूर्ण आहे. ज्या घोड नदीचे पाणी पूर्वी उताराने वाहून जात असे, तिच्यावर आंबेगाव तालुक्यातच डिंभे येथे धरण बांधले गेले. त्या विस्तीर्ण जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू सागर असे नाव आहे. जुने आंबेगाव हे गाव त्या जलाशयाखाली गेले, तेथील माणसांना आपली घरेदारे सोडावी लागली, त्यांचा त्यागही विसरता येणार नाही. त्या पाण्यावर कालव्यांच्या वाटेने दूरदूरची शेते आज भिजतात. भाकरीसाठी ज्या प्रांतातील मुलांना घाट उतरून मुंबईला जावे लागे, तेथील शेतकरी आता त्याच मातीत पिके काढतो. पाणी डामडौल करीत नाही. उंच-सखल भूमीतून वाट काढीत ते मुकाट्याने जाते आणि ज्याच्या त्याच्या मुळाशी पोहोचते. बाबूचे नाव द्यावयास याहून चांगली वस्तू सापडली नसती.

प्रत्येकाच्या वाट्याला बाबू गेनूसारखा प्रसंग येत नाही, आणि येऊही नये. स्वतंत्र देशात देशसेवेसाठी प्राण देण्याची गरज सहसा पडत नाही. परंतु १२ डिसेंबरचा तो प्रसंग येण्यापूर्वी बाबू जे रोज करीत होता ते मात्र कोणालाही करता येते. ज्याचे अक्षर चांगले आहे त्याने शेजारच्या निरक्षर आजीचा अर्ज लिहून द्यावा. ज्याला गणित येते त्याने मागे पडलेल्या वर्गमित्राला ते समजावून द्यावे. ज्याचे बाहू बळकट आहेत त्याने थकलेल्याच्या डोक्यावरचा भारा उतरवून घ्यावा. ज्याच्यापाशी यांतले काहीच नाही असे त्याला वाटते, त्याने निदान नेमून दिलेल्या जागी वेळेवर येऊन उभे राहावे. ईश्वराने कोणाच्या पदरात किती टाकले याचा हिशेब त्याच्यापाशी. पदरात पडलेले दुसऱ्याच्या उपयोगी आणावे, एवढेच माणसाच्या हाती असते. महाळुंगे पडवळच्या एका शेतकऱ्याच्या मुलाने ते केले. म्हणूनच काळबादेवीच्या त्या गजबजलेल्या रस्त्याने जाताना त्याचा इतिहास जाणणारा मनुष्य आजही क्षणभर थांबतो आणि मनोमन हात जोडून पुढे जातो.